आमच्याकडचा सुलटा

मावशी पहिल्यांदा राहायला आली तेव्हा न्हाणीघरातून ओरडली, "अगं, नळ गच्च बसलाय!" भिंतीपलीकडच्या दोन-तीन घरांतून एकदम उत्तर आलं, "दुसरीकडे फिरवा!"

•

तंत्रशाळेची पिवळी हेल्मेटं मुलींच्या डोक्यांना मोठी पडायची. फोटोपुरता मागून रुमाल कोंबायचा.

•

वाफेच्या पाइपावर एक मांजर झोपायचं. पाइप थंड पडल्यावरही ते बरेच दिवस तिथेच येऊन झोपत राहिलं.

•

सुलटा: उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद होतो.
उलटा: बाकी सगळं जग.

•

"आजवर आपण एक कुटुंब होतो." मिलच्या गेटवर लावलेल्या कागदाची ही पहिली ओळ. शेवटची ओळ खोल्या रिकाम्या करण्याबद्दल होती.

•

"चक्री, हस थोडी." फोटोवाला मग लगेच, "एवढं नको, दात दिसतात."

•

चक्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. व्हॉल्व्हच्या चाकाला एकदा हात लावला की सोडायची नाही, म्हणून तंत्रशाळेतल्या मुलांनी ते ठेवलं. आईला मुळीच आवडायचं नाही. "चक्री म्हणजे डोकं फिरलेली," आई म्हणायची.

"फिरू दे की," आप्पा म्हणायचे. "घरात कुणाचं तरी काहीतरी फिरायला पाहिजे. माझं सगळं गंजलंय."

आप्पा मिलच्या बॉयलरवर होते. कागदाची मिल. मिलच्या मागे मिलची कॉलनी, कॉलनीच्या टोकाला मिलने काढलेली तंत्रशाळा. दारावर कंपनीचं चिन्ह आणि खाली 'समाजासाठी, समाजासोबत'. फी नाही. गणवेश फुकट. बॉयलर, पाइप आणि वाफ एवढं शिकवत, आणि शिकून निघालेला भिंत ओलांडून मिलमध्ये लागत असे. कॉलनीत म्हणत, पाळण्यातून शाळेत, शाळेतून बॉयलरवर, आणि बॉयलरवरून डॉक्टरकडे. हसत म्हणत.

या मिलची एक खोड होती. अगदी पहिली यंत्रं जिथून कुठून आली, तिथे व्हॉल्व्हची चाकं उजवीकडे उघडत आणि डावीकडे बंद होत. जगात सगळीकडे याच्या विरुद्ध. पण एका कारखान्यात दोन सवयी म्हणजे कुणाचा तरी हात नाहीतर पाय जाणार, म्हणून पुढचे सगळे व्हॉल्व्हही कंपनीने तसेच घडवून घेतले. मग कॉलनीचे नळ त्याच कंत्राटातून आले, तेही तसेच. मग शाळा निघाली आणि मिलमधून काढलेले जुने व्हॉल्व्ह शाळेला भेट मिळाले. हात लहानपणापासून तसेच वळत गेले. जिभाही. आपले ते सुलटे, बाहेरचे ते उलटे. नवी सून आली की सासू विचारायची, "अजून उलटीच आहे का गं?" आणि नळ पहिल्या फटक्यात उघडला की सून रुळली असं धरायचे.

कुणालाच यात काही चुकीचं वाटत नव्हतं. काही चुकीचं नव्हतंच.

मग मिल बंद झाली.

बाहेर

शेवटच्या तुकडीला मास्तरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहून दिलं: बाहेर सगळं उलटं आहे.

"लिहून घ्या," ते म्हणाले.

"हे काय लिहून घ्यायचं, सर?"

"डोक्यात लिहून घ्या. हाताला सांगा. तुमच्या हातांना सुलटं येतं, आता त्यांना उलटं शिकवा. नाहीतर हात दाखवून अवलक्षण व्हायचं."

शिकवायचं कशावर? शाळेत एकही उलटा व्हॉल्व्ह नव्हता. वाफेचा दाब दाखवणारं एक गेज होतं, भिंतीवर. तेही भेट आलेलं. त्याचा काटा कित्येक वर्षं एकाच आकड्यावर अडकून होता. मुलं त्याला घड्याळ म्हणत आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे.

पंचाईत खरी अशी की नदीपलीकडच्या साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर एक जागा होती. जागेबरोबर राहायला खोली. मास्तरांनी तिथल्या इंजिनिअरशी बोलून चक्रीचं नाव दिलं होतं. ती जागा मिळाली तर आप्पा, आई आणि ती, तिघं त्या खोलीत जाणार. नाही मिळाली तर महिनाअखेरीला कॉलनीतून बाहेर पडून थेट रस्त्यावर. मावशीला विचारून झालं होतं. मावशी फोनवर आईला म्हणाली होती, "आमच्याकडे जागा कुठे गं? तू बघितलीस ना."

आई रोज एक कपाट रिकामं करत होती. रात्री पुन्हा भरत होती, कारण सामान ठेवणार कुठे.

जबाबदारीबाई

कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या एक बाई होत्या. शाळेचे पैसे त्यांच्या सहीने यायचे. कॉलनीत त्यांना जबाबदारीबाई म्हणत. तोंडावर मॅडम. मिल बंद झाली, यंत्रं लिलावात गेली, पण बाईंना अहवाल पूर्ण करायचा होता म्हणून त्यांची केबिन अजून उघडी होती. भिंतीवर चक्रीचा मोठा फोटो. पिवळं हेल्मेट, हातात चाक, दात न दिसणारं हसू.

"मॅडम, शाळेला एक उलटा व्हॉल्व्ह मिळेल का?"

"उलटा कशाला? कंपनीने चांगले दिलेत ना तुम्हाला?"

"चांगलेच आहेत. पण सुलटे आहेत."

"मग सुलटे असलेले बरे नाहीत का?"

"बरे आहेत. पण बाहेर उलटे असतात."

बाईंनी चष्मा काढला. "बाहेर उलटे असतात आणि आपल्याकडे सुलटे आहेत, म्हणजे आपलं बरोबर आहे. मग तक्रार काय आहे?"

चक्रीला हसू आलं. इतकं की खुर्चीची पाठ धरावी लागली. बाईही हसल्या, कशाला ते न कळता. मग म्हणाल्या, "नवीन खरेदी आता बंद आहे, बाळ. अहवालात मात्र तुझा उल्लेख आहे. चांगला आहे."

स्टँडवरचा नळ

म्हणून ती पुलावरून शहरात जायची. एसटी स्टँडवर पाण्याचा नळ होता, जगासारखा, उलटा. त्याच्यापाशी उभी राहायची. डावीकडे उघड, उजवीकडे बंद. डावीकडे उघड, उजवीकडे बंद. हात चुकला की स्वतःच्या मनगटावर चापट.

"ए बाई, पाणी भरतेस की खेळतेस?"

"झालं, झालं."

"कधीचं झालं झालं म्हणतेस. बाटली कुठाय तुझी?"

"विसरले."

"बाटली विसरून पाण्याला आली! शाबास. डोकं कुठे विसरलीस?"

रांगेतली एक म्हातारी मात्र बराच वेळ बघत होती. "राहू द्या हो," ती म्हणाली. "पोरीच्या हाताला काहीतरी झालंय. व्यायाम सांगितला असेल डॉक्टरांनी." मग लोक बाजूने बाटल्या भरत राहिले. त्यांच्या नजरेत आलेली कीव चक्रीला टोमण्यांपेक्षा बोचली. पण तिने ती घेतली, फुकटच होती, आणि हात चालू ठेवला. उजवीकडे बंद. उजवीकडे बंद.

घरी आल्यावर न्हाणीतल्या नळावर हात अडखळायला लागला. आई बाहेरून ओरडली, "काय झालं गं?"

"काही नाही. रुळतेय."

हात वळला होता. तिला खात्री होती. झोपेतसुद्धा तिचा तळवा उजवीकडे बंद व्हायचा.

साबणाचा कारखाना, सकाळ

वास आधी आला, मग आवाज. मिलपेक्षा छोटा बॉयलर, पण खोली छोटी म्हणून गडगडाट दुप्पट. इंजिनिअर उंच, घाईतला, वाईट नव्हे. बॉयलरवरचा आगवाला पन्नाशीचा, कानात कापसाचे बोळे.

"मास्तरांनी फार कौतुक केलंय तुझं," इंजिनिअर म्हणाला. "बघू या."

पाण्याची लाईन उघड. उघडली, डावीकडे. बंद कर. केली, उजवीकडे. दुसरी. तिसरी. एकदाही अडखळली नाही. आगवाल्याने कानातला एक बोळा काढून इंजिनिअरला म्हटलं, "हिचा हात आहे हो!" आणि बोळा परत घातला. चक्रीच्या डोळ्यांपुढे खोली आली. खिडकी असेल का त्या खोलीला? आप्पांची खाट खिडकीशी लावायची.

"आता शेवटचं. ही वाफेची मोठी लाईन. थोडी उघडी आहे, पूर्ण बंद कर. बंद झाली की सांग, मग हा खालची तोटी उघडून साठलेलं पाणी सोडेल. कळलं?"

"हो, साहेब."

"आणि हो, सांभाळून. हा व्हॉल्व्ह उलटा आहे."

उलटा.

तिला जरासं वाटलं, आतापर्यंतचे सगळेच उलटे होते, मग आत्ताच का सांगतोय? पण व्हॉल्व्हपर्यंत पोचेतो ते वाटणं विरलं. मोठी लाईन आहे, म्हणून आठवण करून देत असेल. भला माणूस.

तिथे जे झालं ते, तीनदा

*इंजिनिअरने पाहिलं ते:* मुलगी व्हॉल्व्हपाशी गेली. त्याने सावध केलं होतं तरी तिने चाक सरळ उजवीकडे फिरवलं. न डगमगता. शेवटपर्यंत. मागे वळून हात वर केला आणि म्हणाली, "बंद!" तो "अगं, गेज बघ!" म्हणून ओरडला, तेवढ्यात आगवाल्याने तोटी उघडली होती आणि तोटीवर वाफ होती.

*आगवाल्याने ऐकलं ते:* बंद.

*हाताने केलं ते:* चाकाला लागताच हात डावीकडे ओढ घ्यायला लागला. आपोआप. चाकाची कड एका जागी झिजलेली होती आणि बोटं त्या झिजलेल्या जागी जाऊन बसली, जशी घरच्या उंबऱ्यावर पावलं पडतात. डावीकडे, हात म्हणत होता. तिने हाताला दटावलं. किती दिवस दटावतच होती. हा उलटा आहे, साहेबांनी सांगितलंय. उलटा उजवीकडे बंद होतो. तिने हात उजवीकडे वळवला, तो निमूट वळला, आणि चाक टोकाला जाऊन थांबलं.

बादली

आगवाल्याचा हात कोपरापर्यंत पाण्याच्या बादलीत होता. तो ओरडत नव्हता. दात आवळून एकसारखा म्हणत होता, "काही नाही, काही नाही, काही नाही."

"तुला सांगितलं होतं," इंजिनिअर म्हणाला.  "स्पष्ट सांगितलं होतं ना, उलटा आहे म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"आमच्याकडे... साहेब, आमच्याकडे उलटा म्हणजे हे, तुमचे सगळे. जे उजवीकडे बंद होतात ते."

"काय?"

"आमच्याकडे तुमचा सुलटा तो उलटा. आणि तुमचा उलटा तो..."

"उलटा म्हणजे उलटा! त्यात तुमचं आमचं काय?" मग तो थांबला. कपाळावरचा घाम पुसला. व्हॉल्व्हकडे बघितलं. "हा तर मिलमधलाच आहे. लिलावात आणला."

"हो."

"म्हणजे हा तुला येत होता."

"हो."

"काही न सांगता सोडली असती तर..."

  बॉयलर गडगडत होता आणि बादलीतलं पाणी आगवाल्याच्या थरथरीने हलत होतं.

"साहेब, एकदाच. पुन्हा एकदा घ्या परीक्षा. आत्ता नको, उद्या. तुम्ही उजवीकडे म्हणा, डावीकडे म्हणा, मी..."

"नाही." तो हळू म्हणाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुझा हात चांगला आहे. पण इथे मी घाईत एक शब्द बोलणार आणि दुसऱ्याचा हात त्याच्यावर अवलंबून असणार. तुझ्या माझ्यात शब्द एक नसेल, तर मी काय करू, सांग. दर वेळी आधी शब्दकोश काढू?"

ती दारापाशी पोचेपर्यंत तो फोनवर मास्तरांशी बोलत होता. गडगडाटातून एवढंच ऐकू आलं: "...नाही हो, हिचंच नाही. त्या शाळेतलं सध्या कुणीच नको."

कुणीच नको म्हणजे

म्हणजे तिच्या बाकावरची दोघंही नको. साखरेच्या कारखान्यात ज्याचं जवळजवळ ठरलं होतं तोही नको, कारण इंजिनिअर लोक एकमेकांना फोन करतात.  मास्तरांनी फक्त फळा पुसला आणि मग पुसलेल्या फळ्याकडे बघत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी विचारलं, "कुणाला लागलं?"

"आगवाल्याला."

"कुठे?"

"हाताला."

"उजव्या?"

"उजव्या."

आप्पा खाटेवरून उठले, पुन्हा बसले. बॉयलरवर आयुष्य गेलेला माणूस. पोरीच्या नोकरीचं विचारायच्या आधी त्यांनी दुसऱ्याच्या हाताचं विचारलं. मग म्हणाले, "तो बिचारा बरा होऊ दे." आणि तोंड भिंतीकडे केलं. आईने त्या दिवशी कपाट परत भरलं नाही.

एक पत्र हवं होतं

"एवढंच लिहून द्या, मॅडम. शाळेत उलटा-सुलटा असं शिकवायचे आणि त्याचा अर्थ असा असा. मुलांची चूक नव्हती. तुमच्या कंपनीच्या कागदावर लिहिलं तर ते मानतील."

जबाबदारीबाईंची केबिन निम्मी खोक्यांत गेली होती. फोटो अजून भिंतीवर होता. त्या खाली बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या आणि चक्री बोलता बोलता खोक्याचे कान दाबून धरत होती, कारण एकटीने ते जमत नाही.

"असं लिहिता येणार नाही, बाळ. असं लिहिलं तर शाळेत चुकीचं शिकवलं असा अर्थ निघेल."

"पण मॅडम, तसंच..."

"चुकीचं नव्हतं ते. आपल्याकडे बरोबरच होतं."

"आपल्याकडे म्हणजे कुठे?"

चिकटपट्टी अर्धवट ओढलेली राहिली.

"मिल नाही," चक्री म्हणाली. "कॉलनी महिन्याच्या शेवटी नाही. शाळा नाही. बरोबर आहे ते कुठे बरोबर आहे, मॅडम? मला पत्ता सांगा, मी तिथे जाते. तिथे कुठलंही काम करते."

बाईंचे डोळे भरले. खोटे नव्हते. त्यांनी पट्टी दाताने तोडली, खोक्यावर नीट दाबली आणि म्हणाल्या, "मी वर बोलून बघते." वर म्हणजे कुठे, हे चक्रीने विचारलं नाही. वर कुणी नव्हतं. वरचा मजला कधीच रिकामा झाला होता, तिने येताना जिन्यातून पाहिला होता.

गेट

ती रोज साबणाच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहायला लागली. आत सोडणार नाहीत हे ठाऊक होतं. कुठेतरी जायला हवं होतं, आणि घरी भरलेल्या पिशव्यांमध्ये बसायला जागा नव्हती.

"आज पण?" रखवालदार म्हणायचा.

"आज पण."

"साहेब नाही भेटणार."

"माहीत आहे."

"मग कशाला झिजवतेस चपला?"

"घरी राहिले तरी झिजतातच."

त्याने हसून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तिला सावलीत उभं राहू दिलं.

मग एके दिवशी आगवाला बाहेर आला. हात बँडेजमध्ये, छातीशी बांधलेला. तो कामावर आला नव्हता, पगाराचं बघायला आला असावा. तिला पाहून थांबला. 

"दुखतं का, काका?"

"रात्री." त्याने बँडेजकडे बघितलं, जणू ते दुसऱ्याचं होतं. "बोटं हलतात. ही दोन हलत नाहीत. येतील म्हणतात."

"मी..."

"तू मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग झालं." तो जरा घुटमळला. "साहेबाने सांगितलं मला, शब्दाचं. मी हसलो. बायको म्हणाली, हसता काय? हसू नाही तर काय करू?" आणि तो खरंच थोडा हसला, आणि हात दुखला म्हणून थांबला. "घरी जा, पोरी."

"उद्या खोली सोडायची आहे, काका. मला झाडायला ठेवा म्हणावं. पोती उचलेन. चाकाला हात नाही लावणार. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुम्हालाच लागलंय, तुमचं ऐकतील."

 आगवाल्याने बरा हात वर केला. तिच्या डोक्यावर ठेवणार होता की काय कोण जाणे, पण मध्येच खाली घेतला.

"माझीच जागा राहते का बघायला आलो होतो गं आज," तो म्हणाला. "दोन बोटं हलत नाहीत ना. आतून नाही म्हणाले."

मागून ट्रकने भोंगा दिला. रखवालदार ओरडला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" दोघं बाजूला झाली, तो एका अंगाला, ती दुसऱ्या. मधून साबणाचा ट्रक गेला, मग आणखी एक. दुसरा जाऊन धूळ बसली तेव्हा आगवाला रस्त्याला लागला होता. चक्री तिथेच उभी होती. तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं. त्याला की रखवालदाराला की कुणाला, ते ठरलं नव्हतं. ती नुसती हात वर करून उभी राहिली, कुणीतरी थांबेल म्हणून.

तंत्रशाळेत चक्रीला प्रवेश मिळाला होता तो, यादीतली एक मुलगी पहिल्या दिवशी आली नाही म्हणून. ती आली असती, तर साबणाच्या कारखान्यातल्या त्या चाकावर तिचा हात असता.